एकशे बेचाळीस माणसांचं घर

सोसायटीच्या अध्यक्षांची नोटीस बुधवारी सकाळी आली. 'आपल्या सदनिकेत एकशे बेचाळीस व्यक्ती वास्तव्यास असल्याचे सोसायटीच्या यंत्रणेस आढळून आले आहे. विनापरवाना वसतिगृह चालवण्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

नोटीस वाचली तेव्हा घरात मी आणि माझा नवरा सुयोग, असे दोघेच होतो. तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्या आठ दिवसांपूर्वी बार्शीला, माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. सुयोगने पलंगाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इथे तरी कुणी नाही." त्याला विनोद करायची सवय आहे, पण वेळ साधायची नाही.

मला घाम फुटला होता. कारण घरातली माणसं मोजणारा तो डबा माझ्याच कंपनीचा होता आणि त्याच्या आतली मोजणी मी स्वतः लिहिली होती.

पूर्वी घरात राउटर असायचा. आता दाराशेजारच्या भिंतीत डबा असतो. घरातलं प्रत्येक यंत्र, माणसाच्या कानातला मणी, गिझर, दाराचं कुलूप, खालची लिफ्ट, सगळी त्याच्या मार्फत एकमेकांशी बोलतात. पाणी किती तापवायचं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर उभी ठेवायची, हे घरात कोण आहे त्यावर ठरतं, आणि घरात कोण आहे ते डब्याला ठाऊक असतं. या डब्याच्या आत जी कार्यप्रणाली चालते तिचं नाव पडवी. नगरमधल्या 'इथूनतिथून' नावाच्या कंपनीने ती बनवली, आणि तिच्यातल्या वाटा ठरवणाऱ्या भागाची प्रमुख मी, ऋतुजा ननावरे.

काम ऐकायला सोपं आहे. निरोप आला की तो कुणाला आणि कोणत्या वाटेने धाडायचा ते पडवीने ठरवायचं. त्यासाठी घरात कुणी आलं की ती त्याच्या नावाची एक नवी चिठ्ठी आपल्या स्मृतीत ठेवते. चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक आकडा असतो: ही वाट आत्ता किती जण वापरताहेत. आला की एक वाढवायचा, गेला की एक कमी करायचा. शून्य झाला की चिठ्ठी फाडायची, जागा मोकळी. आकडा शून्यावर कधी आलाच नाही तर चिठ्ठ्या साठत जातात, स्मृती तुडुंब भरते आणि डबा लटकतो. डबा लटकला की लिफ्ट हलत नाही, गिझर थांबत नाही आणि दार ऐकत नाही.

आमचे डबे गेला महिनाभर राज्यात जागोजाग लटकत होते. सांगलीच्या एका एकट्या राहणाऱ्या प्राध्यापकांचा गिझर साठ माणसांचं पाणी तापवत होता. चाळीसगावात लिफ्टने एका मजल्यावरून हलायलाच नकार दिला, कारण तिच्या हिशेबी त्या मजल्यावर नव्वद माणसं केव्हाही बाहेर पडणार होती. आमच्या प्रयोगशाळेत मात्र तोच डबा चार-चार महिने सुरळीत चालायचा.

"स्मृती दुप्पट करा," आमचे संचालक पाटणकर सर पडद्यावरून म्हणाले.

"मग डबा दुप्पट दिवसांनी लटकेल, सर."

"तेवढे दिवस तर मिळतील! सोमवारी तीन शहरांतल्या दवाखान्यांत पडवी बसायचीय. सोमवारपर्यंत दोष गेला पाहिजे, नाहीतर मी जातो आणि जाताना तुम्हालाही घेऊन जातो."

मी भिंतीतून आमचाच डबा उपसून काढला आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्या स्मृतीची यादी उघडली. बाहेर पडताना माणूस दारात जे बोलतो, ते त्याच्या कानातला मणी डब्याला जसंच्या तसं सांगतो. पूर्वी यंत्रं आपसात ठरलेल्या आकड्यांची भाषा वापरायची. पण हजार कंपन्यांची हजार यंत्रं, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि ठरवलं, की यंत्रांनीही सरळ माणसांसारखंच बोलावं. ती आताशा आपल्यापेक्षा बरं बोलतात.

यादी अशी होती. 'सुयोग. शब्द: येतो गं. आकडा: दोन.' 'ऋतुजा. शब्द: येते. आकडा: दोन.' 'दूधवाले. शब्द: येतो वहिनी. आकडा: दोन.' 'रंजना ननावरे. शब्द: भाजी घेऊन येते. आकडा: दोन.' अशा सत्तरेक चिठ्ठ्या होत्या, आणि एकीचाही आकडा शून्य झालेला नव्हता.

मी कपाळावर हात मारला. आपल्यात घरातून निघताना 'जातो' म्हणायची चोरी. निघणारा माणूस 'येतो' म्हणूनच निघतो, आणि आमचा डबा बिचारा शब्दशः धरून चालतो. येतो म्हणतोय ना, मग वाढवा एक! निघून जाणारा प्रत्येक माणूस डब्याच्या लेखी पुन्हा एकदा आत आला होता. प्रयोगशाळेतल्या चाचण्या मीच लिहिल्या होत्या आणि त्यांत सगळे 'आलो' आणि 'जातो' म्हणत होते, कारण चाचणीला कसली आलीय अपशकुनाची भीती?

"या हिशेबाने घरात सव्वीस आया आहेत," सुयोग यादी मोजत म्हणाला. "तुझ्या सव्वीस सासवा."

मी हसले. आणि हसता हसता यादीच्या तळाशी आले. तिथे फाडलेल्या चिठ्ठ्यांची नोंद असते. चाळीस दिवसांत बरोबर एकच चिठ्ठी फाडली गेली होती.

'रंजना ननावरे. मंगळवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. शब्द: जाते. आकडा: शून्य. जागा मोकळी.'

खाली माझ्या मण्याने टिपलेलं उत्तरही होतं. 'ऋतुजा: हो हो, या.'

सुयोगच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "आई 'जाते' म्हणाली?"

मला तो मंगळवार आठवेना. आठवली ती फक्त समोरच्या पडद्यावरची आज्ञावली. पाठीमागे काहीतरी हललं होतं, पिशवीची चेन लागली होती, आणि मी न वळता 'हो हो, या' म्हणाले होते. माझ्या सासूबाई शेजारच्या दुकानात कोथिंबीर आणायला निघाल्या तरी 'येते गं' म्हणतात. त्या बाईंनी पिशवी भरून 'जाते' म्हटलं, ते एका पत्र्याच्या डब्याला कळलं आणि मला कळलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

सुयोगने बहिणीला फोन लावला. "आई देवळात गेलीय," उज्ज्वलाताई म्हणाल्या. दुपारी परत लावला. आई देवळातच होत्या. संध्याकाळीही देवळात.

"भगवंताला पण कंटाळा आला असेल," सुयोग म्हणाला, पण त्याचा आवाज रडवेला होता. "ती परत नाही येणार, ऋतुजा. माझी आई एकदा गाडीतून उतरली की उतरली."

पाटणकर सरांना तोवर कारण कळलं होतं आणि ते आनंदाने उड्या मारत होते. "एका ओळीचं काम! 'येतो' म्हणजे गेला, असं डब्याला शिकवा. आजच्या आज सगळीकडे धाडा!" मी म्हणाले, थांबू या, 'येतो' एवढा सरळ शब्द नाही. ते थांबले नाहीत.

गुरुवारी दुपारपर्यंत राज्यभर हाहाकार उडाला. नवरे कामावरून निघताना घरी कळवतात, 'दहा मिनिटांत येतो.' डब्याने त्यांची चिठ्ठी तिथल्या तिथे फाडली आणि ते घरी पोचले तेव्हा दाराने त्यांना ओळख दाखवली नाही. एक गृहस्थ आंघोळीला गेले होते. बायकोने बाहेरून हाक मारली, ते आतून ओरडले, 'आलो, येतो!' डब्याने पाणी बंद केलं आणि न्हाणीघराचा दिवा मालवला. अंगाला साबण लावलेला तो माणूस नंतर पाऊण तास आमच्या तक्रार विभागाशी बोलत होता.

शुक्रवारी सकाळी मी संगणक पिशवीत भरला.

"कुठे निघालात?" पाटणकर सर पडद्यावर कडाडले. "सोमवार तीन दिवसांवर आलाय!"

"बार्शीला. सासूबाईंना भेटायला."

"ननावरे, तुम्हाला खुर्ची हवीय की सासू?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता आणि कुणी विचारला असता तर उत्तर द्यायला मी दोन मिनिटं तरी घेतली असती. त्या दिवशी घेतली नाहीत. मी पडदा बंद केला आणि एसटी पकडली.

सासूबाई उज्ज्वलाताईंच्या गॅलरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. ताई शाळेत शिकवायला गेल्या होत्या. सासूबाईंनी एसटीत तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढली. बसायचं तर पाय फाकवून, भक्कम, जणू खालून रस्ता हलतोय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलीस व्हय. सुयोगनं पाठवलं?"

"नाही आई. डब्यानं."

मी सगळं सांगितलं. नोटीस, चिठ्ठ्या, सव्वीस सासवा. सव्विसावर त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"तुम्ही 'जाते' म्हणालात," मी म्हणाले.

"म्हणाले."

"मी ऐकलंच नाही."

"ठाऊक आहे की. 'हो हो, या' म्हणालीस. कोण ऐकतंय आन् कोण नुसतं मुंडकं हलवतंय, मला पाठमोरं कळतं."

"पण का, आई?"

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं. "आदल्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, तू फोनवर बोलत होतीस. दार उघडं होतं. 'फार जुनी झालीय. आता तिला कुणी विचारतसुद्धा नाही. जागा तेवढी अडवून बसलीय. कोण काढणार तिला? काढून टाका एकदाची.' आता बोल."

मला आधी काही कळेना. मग कळलं आणि हसू फुटलं, आणि त्याच क्षणी रडूही. "आई, ती चिठ्ठी होती! डब्यातली चिठ्ठी!"

"कुठली चिठ्ठी?"

मग मी शेंगा घेतल्या. टरफल म्हणजे चिठ्ठी, आतले दाणे म्हणजे आकडा. माणूस आला, एक दाणा घातला. गेला, दाणा काढायचा, टरफल टाकून द्यायचं. आमचा डबा दाणा काढण्याऐवजी आणखी एक घालतो, म्हणून टरफलांचा ढीग. त्यांना पहिल्या फटक्यात समजलं. आमच्या नव्या इंजिनियरांना आठवडा लागतो.

"म्हणजे चढणारे धरलेस, आन् उतरणारे बी चढणाऱ्यातच धरलेस."

"अगदी."

"मेमो मिळायचा असल्या कामाला आमच्यात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात झाडले. "चिठ्ठी होती ते कळलं. पण ऋतुजा, ते ऐकलं तेव्हा मला ते माझ्याबद्दलच आहे असं वाटलं. लगेच वाटलं. एकदा सुद्धा शंका आली नाही. त्याचं काय करायचं?"

डब्याचा दोष सापडला होता, माझा तिथे ताटलीच्या पलीकडे बसला होता. "माझं चुकलं," एवढंच मी म्हणाले, आणि ते फारच तोकडं वाटलं. मला खरंच वाईट वाटत होतं आणि ते कसं सांगतात हे मला येत नव्हतं.

त्यांनी कानातला मणी काढून माझ्यापुढे धरला. "हा टोचतो. महिन्याभरात तीनदा सांगितलं तुला. तिन्ही वेळा 'हो हो'."

आतल्या रबराची कड सुटली होती. सुटे भाग जोडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय आणि ही कड बसवायला मला महिन्यातली चार मिनिटं मिळाली नव्हती. मी पिशवीतून चिमटा काढला आणि तिथेच जमिनीवर बसून कामाला लागले. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"आता उतरणारा कसा ओळखणार तुझा डबा?" त्यांनी विचारलं.

"शब्दावर जाऊन उपयोग नाही हे कळलं. अधूनमधून प्रत्येकाला विचारेल. 'आहात का?'"

"विचारू नको. विचारलं की झोपलेला माणूस बी 'हो' म्हणतो."

माझा चिमटा थांबला. त्या माझ्याबद्दल बोलत होत्या की प्रवाशांबद्दल, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

"मग काय करायचं?"

"डोकी मोजायची. मी लातूर गाडीला असताना येडशीच्या पुढं एकदा मागनं पुढं चालत यायचे. तोंडानं एक शब्द नाही. सीटवर माणूस आहे का नुसता रुमाल आहे, तेवढंच बघायचं. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात आन् माणूस खालीच ऱ्हातो, नाहीतर मधल्या गावाला उतरून जातो. गाडी भरलेली दिसते, निम्मी रुमालांनी. बाया उभ्या आन् रुमाल बसलेले! उचलायचा रुमाल, जागा मोकळी."

"आणि त्या रुमालाचा माणूस नंतर आला तर?"

"तर चढंल आन् दुसऱ्या सीटवर बसंल. रुसायचं काय त्यात?"

मी मणी त्यांच्या कानात बसवला. त्यांनी मान इकडे-तिकडे वळवून पाहिली आणि पुन्हा शेंगा पुढ्यात ओढल्या. मी तिथेच मांडीवर संगणक घेऊन लिहायला लागले. उपाय खरोखर तेवढाच होता. माणूस काय बोलला ते पडवीने ऐकावं, पण त्यावर चिठ्ठी ठेवू नये आणि फाडूही नये. दर चार मिनिटांनी गुपचूप सगळ्या चिठ्ठ्यांवरून फिरावं. ज्या वाटेवरून मधल्या काळात खरोखर काही आलं-गेलं, तिथे माणूस आहे. जिथे काहीच हललं नाही तिथे रुमाल आहे, तो उचलावा. चुकून कुणाचा उचललाच, तर तो परतल्यावर नवी चिठ्ठी काढायला डब्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्या आज्ञेचं नाव मी 'रुमाल' असंच ठेवलं.

उज्ज्वलाताईंच्या भिंतीतला डबा आयताच समोर होता. त्याच्या मते त्या घरात शहाण्णव माणसं होती. नवी आज्ञा घातली आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. सासूबाईंनी तर चष्माही पुसून घेतला. चार मिनिटं झाली आणि शहाण्णवचे दोन झाले.

"ही तू आन् ही मी," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

मी पाटणकर सरांना सगळं धाडलं. ते माझ्यावर ओरडायचं विसरले. त्यांनी ते दहा घरांवर चालवून पाहिलं, मग शंभरांवर, मग सगळीकडे. सोलापुरातल्या कानडी घरांचे डबेही सुटले. तिकडेही 'बर्तीनी' म्हणूनच निघतात, म्हणजे येतोच की, हे मला सासूबाईंनी सांगितलं. दुपारी तीनला सरांचा फोन आला.

"अप्रतिम! नोंदीत उपाय सुचवणाऱ्याच्या जागी हे नाव कुणाचं? रंजना ननावरे? या आपल्या कोणत्या विभागात आहेत?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "सोलापूर विभाग, बार्शी आगार. बिल्ला क्रमांक बी घाला, नुसत्या नावानं कुणी वळखत नाही." आणि त्यांनी क्रमांक सांगितला. तो त्या नोंदीत अजून आहे.

पाचच्या गाडीने मला परतायचं होतं. चलता का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण विचारलं तर त्या 'हो' म्हणतील की 'बघू' म्हणतील, आणि त्यातलं खरं काय, ते मला कळणार नव्हतं. आणि 'नाही' म्हणाल्या असत्या तर मला सोसलं नसतं, हेही खरं. त्या स्टँडपर्यंत आल्या. हातात पिशवी होती. बार्शीत पिशवीशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही, म्हणून मी त्यावरून काही ठरवलं नाही.

नगरची गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले. त्याही चढल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. उज्ज्वलाताईंचा गुडघा, सुयोगचं वजन, चुरमुऱ्यांची प्रत, असं काय काय बोलत राहिल्या. ड्रायव्हर येऊन बसला. त्या बोलतच होत्या. घंटा दोनदा वाजली, गाडी स्टँडातून वळली, बाहेर आली. माझं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष होतं, प्रत्येक शब्दाकडे होतं.

कंडक्टर मुलगी यंत्र घेऊन आमच्यापाशी आली. "कुठं?"

"नगर," मी म्हणाले.

"किती?"

मी शेजारी पाहिलं. त्या समोर बघत होत्या. मी विचारलं नाही.

"दोन," मी म्हणाले.

"एक," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कमरेची चंची काढली, सावकाश दोरी सोडली आणि आतून एक जुनं निळं कार्ड काढून त्या मुलीपुढे धरलं.

"माझा पास आहे."